ड्यूटी सांभाळून एमएमए: मॅटवर नव्याने उतरणाऱ्या नर्ससाठी

आजींच्या हातावर एकच शीर बरी दिसत होती. टोचलं, मागे रक्तही आलं, आणि सुई मागे घेत कॅन्युला पुढे सरकवायच्या वेळी माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकेचना. आदल्या संध्याकाळी ग्रॅपलिंग (पकडापकडीचा सराव) करताना ते जोडीदाराच्या मनगटाखाली अडकून मुरगळलं होतं. रात्री बर्फ लावला आणि सकाळी सुजलेलं बोट घेऊन तशीच ड्यूटीवर आले. शीर फुटली. आजी "असू दे गं" म्हणाल्या, पण दुसऱ्या सिस्टरला बोलावून त्यांना पुन्हा टोचावं लागलं. दुखणं माझं होतं, सोसलं त्यांनी.

मॅट मी सोडली नाही, क्रम बदलला. आधी रोस्टर, मग झोप, मग ट्रेनिंग. हा क्रम पाळला तर नर्सिंग आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स (एमएमए) वर्षानुवर्षं सोबत चालू शकतात. उलटा लावला तर दोन-चार महिन्यांत एक काहीतरी सुटतं, आणि बहुतेक वेळा सुटण्याआधी कुणाला तरी इजा होते. पुढचं सगळं त्या क्रमानेच सांगते.

पायरी १: पैसे भरण्याआधी रोस्टर समोर घ्या

मागच्या दोन महिन्यांचं रोस्टर काढा. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट, ऑफ अशा खुणा करा आणि प्रत्येक ड्यूटीपुढे खरंच किती वाजता सुटलात ते लिहा. कागदावर ड्यूटी दोनला संपते, पण ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती) देऊन, नोट्स पुऱ्या करून, शेवटच्या मिनिटाला आलेली ॲडमिशन लावून बाहेर पडेपर्यंत तीन वाजतात. क्लासची वेळ त्या तीनवरून मोजायची. बारा तासांच्या ड्यूट्या असतील तर ड्यूटीच्या दिवशी क्लास नाही असं धरूनच चला.

या हिशोबात आठवड्याला दोन मोकळ्या वेळा निघाल्या तरी पुष्कळ झाल्या. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन क्लासच करा. जास्त करू नका, भले अंगात उत्साह असो. ड्यूटीवर दिवसभर चालणं, वाकणं, पेशंटला वर सरकवणं हे शरीराच्या खात्यात आधीच जमा असतं. क्लासमधल्या इतरांचं तसं नसतं, म्हणून त्यांच्या वेगाशी तुलना करून उपयोग नाही.

वर्षभराची फी एकदम भरू नका. फिरत्या पाळ्या असतील तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा क्लास असलेली आणि हजेरीप्रमाणे किंवा महिन्याने पैसे घेणारी जागा शोधा.

पायरी २: जिम आणि कोच पारखून घ्या

एमएमए हा एकच प्रकार नाही. उभ्याने मारण्यासाठी बॉक्सिंग आणि मुए थाई, पाडण्यासाठी रेसलिंग, जमिनीवरच्या झटापटीसाठी ब्राझिलियन जिउ-जित्सू, असं हे मिश्रण आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला यूएफसी या एमएमए संस्थेची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा प्रत्येक जण आपापली एक शैली घेऊन उतरला होता आणि जमिनीवर खेळणारा रॉइस ग्रेसी ती जिंकला. आज सगळंच थोडंथोडं शिकावं लागतं, पण सगळं पहिल्याच महिन्यात शिकावं लागत नाही. नर्सने सुरुवात जिउ-जित्सूचं तंत्र आणि पॅडवर्क (कोचने धरलेल्या पॅडवर मारण्याचा सराव) यांनी करावी असं माझं ठाम मत आहे. यात डोक्याला मार लागण्याचा संभव सर्वांत कमी. पूर्ण ताकदीच्या स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) पहिले सहा महिने हात लावू नका.

एक ट्रायल क्लास करा आणि डोळे उघडे ठेवा. मॅट रोज जंतुनाशकाने पुसतात का? चपला-बूट घालून कुणी मॅटवर येतं का, आणि उघड्या पायांनी टॉयलेटला जाऊन तसंच परत येतं का? कुणी टॅप केलं (हार मानून हाताने थापटलं) की समोरचा लगेच सोडतो का? नवख्यांना पहिल्याच आठवड्यात स्पारिंगला उभं करतात का?

मग कोचना एक प्रश्न विचारा: "नाईट करून आले असेन तर त्या दिवशी फक्त ड्रिल करेन, रोल करणार नाही. चालेल ना?" (ड्रिल म्हणजे ठरलेल्या हालचालींचा सराव, रोल म्हणजे जोडीदाराशी जमिनीवरची प्रत्यक्ष झटापट.) "चालेल, आल्यावर सांगत जा" हे उत्तर मिळालं तर जागा योग्य आहे. थकवा मनाचा असतो, जोर लावला की पळतो, असलं काही ऐकू आलं तर दुसरी जिम बघा.

साहित्य फार लागत नाही. दातांना नीट बसणारा माउथगार्ड, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या, शिन गार्ड, रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट), आणि पुढे स्पारिंगसाठी १६ औंसांचे ग्लव्ह्ज. लढतीत दिसतात ते पातळ ४ औंसांचे ग्लव्ह्ज स्पारिंगसाठी नव्हेत. हेडगार्डने कातडी फाटायची वाचते, पण मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. तो घातला म्हणून जोर वाढवू नका.

पायरी ३: नाईट ड्यूटीचा हिशोब

सगळ्यांत जास्त लोक इथे चुकतात, मीही चुकले.

१९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात आणि डोळ्यांचं एकत्र काम, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरलं होतं. २४ तासांनंतर ते साधारण ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेलं. आता आपली नाईट मोजा. सकाळी आठला उठलात, दिवसभर घरकाम केलं, रात्री ड्यूटीवर गेलात आणि सकाळी आठला सुटलात. झाले की चोवीस तास. त्या अवस्थेत "आता सुटलेच आहे तर सकाळचा क्लास करूनच घरी जाते" म्हणणं म्हणजे प्यायलेल्या माणसाने मॅटवर उतरणं. तुमचा टॅप उशिरा पडतो, आणि जोडीदाराचा टॅप तुम्हाला उशिरा कळतो. तुमच्या हातात त्याचा खांदा असतो हे विसरू नका.

मी पाळते तो नियम असा. नाईटहून सुटल्यावर आधी झोप, मधे काही नाही. लागोपाठ नाईट असतील तर मधल्या दिवसांत ट्रेनिंग बंद, फक्त दहा-पंधरा मिनिटं कंबर आणि खांदे मोकळे करणं. पहिल्या नाईटच्या दिवशी सकाळी हलका तंत्राचा क्लास चालतो, पण दुपारी किमान दीड तास झोप मिळणार असेल तरच. शेवटची नाईट संपली की त्या दिवशी ट्रेनिंग नाही. दुसऱ्या दिवशी ड्रिल, आणि रोलिंग त्यानंतर. स्पारिंग फक्त अशा दिवशी, ज्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफ आहे.

चहा-कॉफीचाही हिशोब ठेवा. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे पाचची कॉफी सकाळी दहाला अर्धी अंगातच असते. खोली पूर्ण अंधारी करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि डोळे मिटत असतील तर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका.

पायरी ४: हात जपा

बोटाला टेप गुंडाळून खेळाडू खेळतो, नर्सला ती सोय नाही. टेप, पट्टी किंवा स्प्लिंट असेल तर हात नीट स्वच्छ होत नाही. अल्कोहोल रब २० ते ३० सेकंद सगळ्या बोटांच्या फटींतून फिरायला हवं आणि टेपखाली ते पोचत नाही. म्हणजे बोट मुरगळलं की प्रश्न दुखण्यापुरता राहत नाही, पेशंटजवळ जायचं की नाही इथवर येतो. छातीवर दाब द्यायची वेळ आली तर मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचे असतात. दुखऱ्या मनगटाने ते दोन मिनिटंही होत नाही.

म्हणून बॅगवर मुक्का मारण्याआधी पट्ट्या गुंडाळायला शिका. मनगटाभोवती तीन वेढे, मग तळहात आणि बोटांच्या गाठी, मग प्रत्येक बोटाच्या फटीतून एकेक वेढा, शेवट पुन्हा मनगटावर. मुठीची पहिली दोन हाडं (तर्जनी आणि मधल्या बोटाची) लक्ष्यावर पडली पाहिजेत. करंगळीच्या बाजूने बसलेला मुक्का पाचव्या मेटाकार्पलची मान मोडू शकतो, आणि मग काही आठवडे ड्यूटी गेली.

ग्रॅपलिंगमध्ये बोटं फटीत घालून पकड घेऊ नका. पूर्ण पंजाने मनगट धरा आणि पकड सुटत असेल तर सुटू द्या. सुरुवातीला हे फार जड जातं. आर्मबार (कोपर उलट ताणणारी पकड) लागला आणि कोपर सरळ होऊ लागलं की टॅप करा, दुखेपर्यंत थांबू नका.

पायरी ५: कातडी आणि कपडे

मॅटवर अंगाला अंग घासतं, आणि आपण अशा लोकांना हात लावतो ज्यांच्या जखमा उघड्या आहेत, ज्यांची प्रतिकारशक्ती केमोने किंवा आजाराने खालावलेली आहे. वॉर्डातले जंतू मॅटवर जाऊ शकतात आणि मॅटवरचे वॉर्डात. नायटा, इम्पेटिगो, स्टॅफचे फोड (त्यात एमआरएसएही आला) आणि हर्पिस हे कुस्ती-ग्रॅपलिंगमध्ये नेहमी दिसणारे आजार आहेत. खेळाडूंमध्ये नायटा इतका सर्रास असतो की "होतंच गं" म्हणून सोडून देतात. आपण सोडू शकत नाही.

माझ्या दोन बॅगा आहेत आणि त्या एकमेकींत कधीच मिसळत नाहीत. ड्यूटीचे कपडे आणि बूट हॉस्पिटलच्या बॅगेत, मॅटचं सामान दुसऱ्या. ड्यूटीचा ड्रेस घालून जिममध्ये पाऊल टाकत नाही. क्लास संपला की तिथेच साबणाने अंघोळ, घरी जाऊन नव्हे. रॅशगार्ड आणि शॉर्ट्स एकदा घातले की धुवायचे, वाळवून पुन्हा घालायचे नाहीत. नखं अगदी बारीक, जी एरवीही असायला हवीत.

अंघोळ करताना मान, काखा, मांडीचा आतला भाग, कानामागे नजर टाका. लाल, कडा उठलेला गोल चट्टा, पू धरलेला फोड, पुंजक्याने आलेले पाण्याचे फोड दिसले की मॅट बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं. इन्चार्जलाही सांगायचं, कारण तुम्हाला कोणत्या पेशंटकडे लावायचं हे त्यांना ठरवावं लागतं. हर्पिस झाकून खेळता येत नाही, तो पूर्ण सुकेपर्यंत थांबायचंच. हातावर ओरखडा असेल तर तो झाकला जातो की नाही हे बघूनच ड्यूटीला जा.

मॅटवर रक्त येतं, म्हणून हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का ते तपासा. तीन डोस झाले असले तरी अँटिबॉडी टायटर १० किंवा त्याहून जास्त आहे याची एकदा खात्री करून घ्या.

पायरी ६: डोक्याला मार लागला तर

इथे माझ्याकडे सवलत नाही. डोक्याला फटका बसल्यावर डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड नकोसा होणं, गोंधळल्यासारखं वाटणं, मधले काही क्षण न आठवणं, यातलं एकही झालं तर त्या दिवशीचं ट्रेनिंग तिथेच संपलं. शुद्ध गेली नसली तरी कन्कशन असू शकतं. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, झोपेची गुंगी, झटका, एका बाजूला अशक्तपणा, बाहुल्यांचा आकार वेगवेगळा, यातलं काही दिसलं तर सरळ कॅज्युअल्टी. स्वतःच स्वतःला तपासून "ठीक आहे" म्हणू नका. ज्या मेंदूला मार लागला आहे, त्याच मेंदूने तो निर्णय घेतलेला असतो.

आणि दुसऱ्या दिवशीची ड्यूटी? डॉक्टरांनी बघितल्याशिवाय जाऊ नका. हेपरिनचं इन्फ्यूजन मिलिलिटर प्रति तासात बसवायचं आहे, इन्सुलिनची युनिट्स भरायची आहेत, आणि आकडे डोळ्यांसमोर तरंगत आहेत, ही स्थिती पेशंटसाठी किती धोक्याची आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा वेगळं सांगायला नको. "जिममध्ये डोक्याला लागलं, आज औषधं देणं मला सुरक्षित वाटत नाही" हे वाक्य बोलायला धीर लागतो. बोला.

परत येताना पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, म्हणजे घरातली हलकी हालचाल चालते. मग चालणं, मग जॉगिंग, मग संपर्काशिवाय ड्रिल, असं एकेक पायरीने आणि प्रत्येक पायरीला किमान २४ तास देऊन. लक्षणं परतली तर एक पायरी मागे. समोरच्याशी प्रत्यक्ष झटापट डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. पहिला मार भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार जिवावर बेतू शकतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. वॉर्डाच्या ट्रॉलीतली वेदनाशामक स्वतःसाठी घ्यायची नाहीत, एकही गोळी नाही. गोळी घेऊन दुखणं दाबून मॅटवरही उतरायचं नाही.

पायरी ७: वॉर्डात आधीच सांगून ठेवा

मी सुरुवातीला कुणाला बोलले नव्हते. एकदा दंडावर बोटांचे चार काळेनिळे ठसे घेऊन ड्यूटीला गेले. ओव्हर झाल्यावर इन्चार्ज सिस्टरनी मला लिननच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" मी हसून सांगितलं, पण त्यांचा चेहरा लगेच सैल झाला नाही. त्यांनी फोटो दाखवायला सांगितला, क्लासचं नाव विचारलं. बरोबरच केलं त्यांनी. आपणही पेशंटच्या अंगावर असे ठसे बघून असंच विचारतो.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात इन्चार्जना सांगा की मी हे शिकते, अंगावर डाग दिसतील, ड्यूटीला अडचण येणार नाही. पेशंटने विचारलं तर "मार्शल आर्ट्स शिकते, सरावात लागलं" एवढं पुरे. आणि डाग खरोखर घरच्या मारहाणीचे असतील तर ते ट्रेनिंगच्या नावाखाली झाकू नका. विश्वासातल्या एका सहकारी सिस्टरला तरी सांगा.

क्लाससाठी ड्यूट्या बदलून मागण्यात हात आखडता ठेवा. महिन्यात एखादी अदलाबदल ठीक, तीही आधी दुसऱ्याची नाईट घेऊन. स्टाफ कमी असताना तुमचा छंद दुसऱ्याच्या पाठीवर बसला तर तुम्हाला सांभाळून घेणारं कुणी उरत नाही.

शिकलेलं वॉर्डात वापरायचं नाही, हेही इथेच सांगते. पेशंट किंवा नातेवाईक अंगावर आला तर हाताच्या अंतराबाहेर व्हा, दाराच्या बाजूला राहा, आवाज द्या, मदत बोलवा. मनगट धरलं तर सोडवून मागे सरका, तिथे थांबा. गळ्याला हात नाही, पालथं पाडून पाठीवर दाब नाही. नीट बसलेल्या चोकने (गळा आवळणाऱ्या पकडीने) दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, आणि छातीवर किंवा पाठीवर भार पडला तर भ्रमिष्ट अवस्थेतल्या पेशंटचा श्वास कोंडून तो जाऊ शकतो. ट्रेनिंगने मला तिथे एकच गोष्ट दिली: कुणी ओरडत जवळ आलं तरी माझा श्वास चालू राहतो.

जिममध्ये याच्या उलट होतं. तुम्ही नर्स आहात कळलं की सगळे खांदे, गुडघे, सुजलेले कान तुमच्यासमोर येतात. रक्त थांबवा, बर्फ लावा, रुग्णवाहिका बोलवा. पण "खेळू शकतोस" हा दाखला कुणालाही देऊ नका, विशेषतः डोक्याला लागलेल्याला.

पायरी ८: खाणं, वजन आणि लढत

खाण्याचं थोडक्यात: क्लासच्या दोन-तीन तास आधी पोटभर, मग क्लासनंतर पुन्हा. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ड्यूटीवर पाणी प्यायचं राहून जातं, म्हणून बाटली औषधांच्या खोलीबाहेर नजरेसमोर ठेवा. लघवी गडद असेल तर त्या दिवशी रोलिंग नको.

वर्ष-दीड वर्षाने कोच कदाचित हौशी लढतीबद्दल विचारतील. हो म्हणायलाच हवं असं नाही, आणि म्हणायला हरकतही नाही. स्टिपे मिओचिच २०१६ मध्ये यूएफसीचा हेवीवेट विजेता झाला, तेव्हा आणि त्यानंतरही तो ओहायोत अग्निशामक आणि पॅरामेडिक म्हणून काम करत होता. पण पाणी तोडून वजन उतरवायला मात्र ठाम नकार द्या. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपच्या लढतीआधी वजन उतरवताना चिनी खेळाडू यांग जियान बिंगचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर त्या संस्थेने शरीरातलं पाणी काढून वजन घटवण्यावरच बंदी आणली. आपण डिहायड्रेशनचे पेशंट रोज बघतो. आहात त्याच वजनगटात लढा.

तारीख ठरली की दोन-तीन महिने आधी इन्चार्जशी बोला. बहुतेक जणी लढतीआधीची रजा मागतात. माझं म्हणणं, लढतीनंतरची मागा. आधीचा आठवडा मॉर्निंग ड्यूट्यांवर निघतो, पण लढतीनंतर चेहरा सुजलेला असू शकतो, बोटं वळत नाहीत, आणि डोक्याला किती लागलं ते कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. नॉकआउट झालं तर अनेक ठिकाणी ३० ते ९० दिवस वैद्यकीय बंदी असते, पण ती लढतीपुरती असते, ड्यूटीबद्दल त्यात काही लिहिलेलं नसतं. माझ्या पहिल्या लढतीनंतर मी पाच दिवस रजेवर होते. सहाव्या दिवशी ड्यूटीवर जाण्याआधी स्वयंपाकघरात उभं राहून बोटं एकेक करून वाकवली, मधलं शेवटी. पूर्ण मिटली, तेव्हा ड्रेस इस्त्रीला घेतला.